कृती लिहावी कशी आणि राखावी कशी

विद्या दोन प्रकारची असते. एक ऐकून समजते, दुसरी करून समजते. पानिपतच्या पराभवाची कारणे वर्गात सांगितली म्हणजे विद्यार्थ्यास ती कळतात. परंतु कामटीस दोऱ्याची घट्ट गाठ कशी मारावी, हे नुसते ऐकून आजवर कोणा मुलास आलेले नाही. ह्या दुसऱ्या विद्येस वेळापत्रकात फारच थोडी जागा मिळते. तिचा संसार बहुधा शाळा सुटल्यावर छंदमंडळात चालतो. कोणी पतंग करितो, कोणी कागदाच्या घड्या घालितो, कोणी गुलाबास डोळा भरितो. ज्यास जे येते ते तो दुसऱ्यास दाखवितो. हे सर्व उत्तमच आहे. परंतु दाखविणारा एक दिवस शाळा सोडून जातो आणि त्याच्यामागे त्याची कृतीही निघून जाते. ती जाऊ नये म्हणून काय करावे, ह्याचा थोडा विचार ह्या लेखात करण्याचे योजिले आहे. आरंभी आमच्याच हातून घडलेली एक चूक सांगणे प्राप्त आहे. कारण जे काही आम्ही शिकलो ते तिच्यापासूनच.

काही वर्षांपूर्वी आमच्या ओळखीचे एक हस्तकलेचे वृद्ध शिक्षक होते. डिसेंबर उजाडला की मुलांना जवळ बसवून ते बांबूच्या कामट्यांचा नाताळचा तारा करीत. त्यांचे वय झाले तेव्हा त्यांच्या कृती लिहून ठेवाव्यात असे आम्ही ठरविले. गुरुजी सांगत, आम्ही लिहीत असू. त्यांनी दोन्ही हात पसरून म्हटले, “एवढ्या घ्यायच्या, बेताच्या.” आम्ही पडलो पदवीधर! ‘एवढ्या’ हा शब्द आम्हांस गावंढळ वाटला, म्हणून आम्ही लिहिले, ‘योग्य मापाच्या दहा कामट्या घ्याव्यात.’ भाषा शुद्ध झाली. माप मात्र कायमचे गेले.

पुढे गुरुजी वारले. पुढच्या डिसेंबरात मुलांनी वही काढली आणि लिहिल्याप्रमाणे अक्षरशः सर्व केले. दोन तारे बांधले, एकमेकांवर ठेवून त्यांची टोके जोडली, कागद चिकटविला. तारा झाला, पण पापडासारखा चपटा! त्यात दिवा ठेवावा तर पोटच नाही. आम्ही तो तारा होताना दहा वेळा पाहिला होता, तरी काय राहिले हे आम्हांस सांगता येईना. शेवटी शाळेचा एक माजी विद्यार्थी, जो आता सुतारकाम करितो, सहज भेटावयास आला. त्याने तारा हाती घेतला आणि विचारले, “सर, मधले पाच टेकू कुठं गेले?” ते पाच टेकू गुरुजींच्या हाताच्या इतके अंगवळणी पडले होते की, सांगण्याजोगी ती गोष्ट आहे असे त्यांस वाटलेच नव्हते, आणि आम्हीही विचारले नव्हते. तारा असा परत मिळाला. परंतु गुरुजी एक कमळाचा कंदीलही करीत असत. त्याच्या टिपणात केवळ साडेतीन ओळी आहेत, आणि तो करणारा मनुष्य आता कोणी उरला नाही. तो कंदील गेला तो गेलाच.

ह्यावरून आमचे असे मत झाले आहे की, कृती लिहिल्याने राखली जाते हा अर्धाच खरा समज आहे. ज्याने ती कधी पाहिली नाही अशा मनुष्यास, लिहिणारा जवळ नसताना, केवळ लेखावरून ती करता आली, तरच ती राखली गेली असे समजावे. पुढील सर्व सूचना ह्या एका कसोटीतून निघतात.

पहिली सूचना मापाविषयी. माप आकड्यांत लिहावे, आणि आकडा कोणत्या परिमाणाचा तेही लिहावे. नोहाच्या तारवाची लांबी तीनशे हात, रुंदी पन्नास हात व उंची तीस हात होती असे उत्पत्तीच्या पुस्तकात स्पष्ट दिले आहे; तरी तो ‘हात’ नेमका केवढा, ह्याविषयी पंडितांचे एकमत नाही. इतके दूर जावयास नको. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणी-मित्र अथवा एक हजार पाकक्रिया’ हे पुस्तक १९१० साली निघाले. त्या पिढीच्या स्वयंपाकघरात शेर, पावशेर आणि तोळे चालत. आपल्या देशात १९५६ साली मेट्रिक मापांचा कायदा झाला व हळूहळू ती मापे व्यवहारातून नाहीशी झाली. आज आजीच्या वहीतील ‘पावशेर’ वाचून नातीस अडखळावे लागते. म्हणून जुनी वही उतरून घेताना मूळ शब्द तसाच ठेवून त्याच्यापुढे ग्रॅम अथवा सेंटिमीटर लिहावे. मूळ शब्द पुसू नये.

दुसरी सूचना चित्राविषयी. जेथे शब्द थकतात तेथे रेघ काम करिते. ह्याचे उत्तम उदाहरण जपानातील ओरिगामी ह्या कागदाच्या घड्यांच्या कलेत सापडते. अकिरा योशिझावा (१९११–२००५) ह्या कलावंताने घड्या दाखविण्याची चिन्हांची एक पद्धती बसविली. दरीसारखी आत जाणारी घडी तुटक रेघेने, डोंगरासारखी वर येणारी घडी रेघ व टिंबे यांनी, आणि कागद कोणत्या बाजूस वळवावयाचा ते बाणाने. ही पद्धती त्याने १९५४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात वापरली. पुढे सॅम्युएल रँडलेट व रॉबर्ट हार्बिन यांनी तीत थोडी भर घालून ती पाश्चात्त्य देशांत रूढ केली. परिणाम असा की, जपानी भाषेचे एक अक्षरही न जाणणारा आपल्या जिल्ह्यातील मुलगा जपानी पुस्तकावरून पक्षी करू शकतो. तात्पर्य, मंडळाने आपली चिन्हे एकदा ठरवावीत आणि सर्व कृतींत तीच वापरावीत.

तिसरी सूचना कारणाविषयी. प्रत्येक पायरीबरोबर ती का करावयाची हेही लिहावे. मैद्याच्या खळीत चिमूटभर मोरचूद घालण्याची जुनी चाल आहे. कीड लागू नये हे तिचे कारण. मोरचूद विषारी असते. कारण लिहिलेले असेल, तर तयार डिंक वापरणारा आजचा विद्यार्थी मोरचूद खुशाल गाळील. नसेल, तर एक मुलगा ते निष्कारण हाताळील आणि दुसरा गाळू नये तेच गाळील. ह्याचबरोबर नेहमी होणारी चूक व तिची खूणही नोंदवावी. ‘तारा चपटा आला तर टेकू राहिले आहेत’ हे एक वाक्य आमच्या वहीत असते, तर आमचा एक आठवडा वाचला असता.

ताऱ्याची कृती आता आम्ही अशी लिहिली आहे. साठ सेंटिमीटर लांबीच्या, एकसारख्या जाडीच्या दहा कामट्या घ्याव्यात. पाचांचा एक, असे पाच टोकांचे दोन सपाट तारे दोऱ्याने बांधावेत. दोन्ही तारे एकमेकांवर ठेवून पाचही टोके घट्ट बांधावीत. प्रत्येक ताऱ्यात कामट्या एकमेकींस छेदतात अशी आतल्या बाजूस पाच ठिकाणे दिसतील. त्या प्रत्येक ठिकाणी दोन ताऱ्यांच्या मध्ये दहा सेंटिमीटरचा एक टेकू उभा बसवून बांधावा. म्हणजे ताऱ्यास पोट येते. मग पतंगाचा कागद चिकटवावा. मागील एक भाग दिवा आत सोडण्याकरिता मोकळा ठेवावा आणि उष्ण हवा बाहेर जावी म्हणून वरच्या बाजूस लहान छिद्रे पाडावीत. आत विजेचा लहान एल.ई.डी. दिवाच सोडावा, मेणबत्ती ठेवू नये; कागद पेट घेतो.

आता मांडणीकडे वळू. कृती पुष्कळ झाल्या म्हणजे हवी ती सापडत नाही, आणि न सापडणारी कृती हरवलेल्या कृतीसारखीच होय. एका कागदावर एकच कृती लिहावी. प्रत्येकीस एक क्रमांक द्यावा. तो पुन्हा दुसरीस कधीही देऊ नये. मग तीन याद्या कराव्यात. पहिली नावांची, दुसरी साहित्याची, तिसरी लागणाऱ्या वेळाची. कारण कोणी ‘तारा’ शोधीत येतो, कोणी हाती असलेल्या बांबूचे काय करावे म्हणून येतो, आणि कोणाजवळ अर्धाच तास असतो. एकाच वस्तूस आकाशकंदील, आकाशदिवा, चांदणी अशी अनेक नावे असतात. यादीत ती सर्व लिहून एका क्रमांकाकडे बोट दाखवावे. कृतीत सुधारणा सुचल्यास जुने खोडू नये. खाली तारीख घालून नवे लिहावे. कदाचित जुनेच बरोबर होते असे पुढे आढळेल.

अशा मांडणीचा मोठा नमुना आपल्या महाराष्ट्रातच आहे. श्री. अरविंद गुप्ता हे कानपूरच्या आय.आय.टी.चे अभियंता. टाकाऊ वस्तूंपासून विज्ञानाची खेळणी करण्यास त्यांनी आयुष्य वाहिले. आगकाड्या व सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी यांपासून आकृत्या करण्याच्या त्यांच्या पुस्तकाने अनेक शिक्षकांस वाट दाखविली. पुण्याच्या आयुका संस्थेतील मुलांच्या विज्ञान केंद्रात त्यांनी २००३ ते २०१४ काम केले, आणि २०१८ साली त्यांस पद्मश्री मिळाली. त्यांची खेळणी हवा, प्रकाश, ध्वनी, चुंबक अशा विषयवारीने लावलेली असून, प्रत्येक पायरीची छायाचित्रे व लहान चित्रफिती मराठीसह अनेक भाषांत सर्वांस विनामूल्य खुल्या आहेत. एका मनुष्याचे हस्तकौशल्य त्याच्यापासून सुटे होऊन सर्वांचे कसे होते, हे तेथे पाहावयास मिळते.

साठवणुकीविषयी थोडक्यात सांगतो. वाळवी, कसर आणि ओल हे कागदाचे शत्रू; म्हणून वही भिंतीस टेकून अथवा जमिनीवर ठेवू नये. पाण्याने पसरणाऱ्या शाईपेक्षा शिसपेन्सिल बरी. फाटलेल्या पानास चिकटपट्टी लावू नये. ती पिवळी पडून कागद नासविते. दोन प्रती दोन निरनिराळ्या इमारतींत असाव्यात. भ्रमणध्वनीवर काढलेली छायाचित्रे तो यंत्रतुकडा बिघडताच जातात, म्हणून महत्त्वाची छापून घ्यावीत. तसेच दर काही वर्षांनी ‘हे अजून वाचता येते काय?’ असे विचारावे. एके काळी घरोघर मोडीत हिशेब व टिपणे लिहीत. आज ते कागद शाबूत असून घरात वाचणारा नाही. काल तबकड्यांत साठविलेले पाठ घालण्यास आजच्या पुष्कळ संगणकांत जागाच नाही, ही तीच गोष्ट नव्या वेषात होय.

तथापि इतके सर्व करूनही कृती कपाटात मरू शकते. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात अकोले तालुक्यात कोंभाळणे नावाचे गाव आहे. तेथील श्रीमती राहीबाई पोपेरे कधी शाळेत गेल्या नाहीत. परंतु गावठी धान्ये व भाज्या यांचे बियाणे त्यांनी मोठ्या निष्ठेने जमविले आणि त्याबद्दल त्यांस २०२० सालची पद्मश्री मिळाली. त्यांचे बियाणे नुसते मडक्यात बसून राहात नाही. ते शेतकऱ्यांस दिले जाते, पेरले जाते, आणि नव्या हंगामाचे बी होऊन पुन्हा मडक्यात येते. दाणा कितीही जपला तरी न पेरिल्यास त्याचा जीव एक दिवस जातो. कृतीचेही असेच आहे. ती दरसाल कोणी तरी नव्या हाताने करून पाहिली पाहिजे.

म्हणून आम्ही आता असा नियम ठेविला आहे की, कोणतीही कृती लिहिली की ती न पाहिलेल्या एका मुलाच्या हाती द्यावयाची आणि आपण तोंड मिटून बाजूस बसावयाचे. तो जेथे अडेल तेथे लेख अपुरा. हे बसणे फार कठीण जाते, विशेषतः शिक्षकास! पण त्यावाचून उपाय नाही.

विद्यार्थी मित्रहो, येत्या सुटीत प्रत्येकाने एवढे करावे. घरी आजी, आजोबा, मामा, शेजारचे सुतारकाका, ज्यांच्या हाती काही कला आहे त्यांजपाशी बसावे आणि एक कृती लिहून आणावी. ते ‘एवढे’ म्हणून हात पसरतील तेव्हा ‘योग्य मापाचे’ असे लिहू नये. पट्टी काढून त्यांच्या हातांमधील अंतर मोजावे.