घरातला सिनेमा : दिवा कोणता घ्याल?

मैत्रिणींनो, जत्रेतल्या तंबूत सिनेमा दाखवत, तेव्हा यंत्रात कार्बनच्या दोन कांड्यांमध्ये विजेची प्रखर ज्योत पेटे. कांड्या झिजत, तशा त्या पुढे सरकवाव्या लागत. आता बारामतीत किंवा इंदापुरात नव्या घरात सिनेमाची खोली काढलीत, तर दुकानदार विचारणारच, ‘प्रोजेक्टर लॅम्पचा, एलईडीचा की लेसरचा?’

किमतीआधी वीज आठवा. लॅम्प म्हणजे पाऱ्याच्या वाफेचा दिवा, भलताच तापणारा. बंद केल्यावरही पंखा त्याला थोडा वेळ गार करीत असतो. मध्येच वीज गेली की पंखाही थांबतो नि दिव्याचं आयुष्य घटतं. तेव्हा लॅम्पसोबत यूपीएस हवाच.

लॅम्प साधारण ३,००० ते ५,००० तास टिकतो. एलईडी, लेसर २०,०००च्या आसपास. पण आकड्यांना भुलू नका हं! रोज दोन तास पाहिलंत तरी वर्षाचे ७३० तासच होतात. फक्त रविवारी सिनेमा पाहणाऱ्या घराला लॅम्पही वर्षानुवर्षं पुरेल, आणि गेला तर तेवढा बदलता येतो. लेसरचं तसं सहसा होत नाही.

एलईडी वीज कमी खातो, पण बहुधा मंद असतो. जाड पडदे लावून पुरता काळोख होत असेल तरच तो घ्या. खिडक्यांच्या हॉलमध्ये भरदिवसा क्रिकेट पाहायचं असेल तर लेसर बरा. पैसे मात्र जास्त मोजावे लागतील. घरात लहान मुलं असतील तर यंत्र छतालाच टांगा, भिंगात कुणाला डोकावू देऊ नका. आणि हो, हवेची जाळी असेल तर उन्हाळ्यात दर महिन्याला झटका. आपल्याकडची धूळ ठाऊक आहे ना!