नाव एक, जागा दोन: उमरग्याच्या वाटेवरचा जीपीएस

गाडीतल्या जीपीएसचे फायदे-तोटे यावर लिहा, असं संपादकांनी सांगितलं, तेव्हा पुण्या-मुंबईची वाहतूक कोंडी बाजूला ठेवून मी उमरगा गाठलं. धाराशिव जिल्ह्याच्या आग्नेय टोकाचा हा तालुका या यंत्राची कसून परीक्षा घेतो. सोलापूर-हैदराबाद महामार्ग इथून जातो, थोडं पुढे गेलं की कर्नाटक लागतं, शिवारभर काळी जमीन आणि तिच्यातून गेलेल्या पाणंदी आहेत. आणि उत्तरेला किल्लारीचा तो पट्टा आहे, जिथली अख्खी गावं १९९३च्या भूकंपानंतर उठून दुसऱ्या जागी गेली.

यंत्राचा इतिहास थोडक्यात सांगते. १९८१ साली होंडाने मोटारीत बसवलेलं दिशादर्शक यंत्र उपग्रहांशिवाय चालायचं. आत जायरोस्कोप आणि समोर पारदर्शक फिल्मवर छापलेला नकाशा. अमेरिकेने सैन्यासाठी उभारलेली जीपीएस यंत्रणा १९९०च्या दशकात मोटारींमध्ये आली, पण नागरी संदेशात मुद्दाम चूक मिसळलेली असे. जागा शंभर मीटरपर्यंत हुकायची, म्हणजे महामार्गावरची गाडी नकाशात उसाच्या फडात दिसायची. २ मे २००० रोजी अमेरिकेने ही भेसळ थांबवली आणि मोटारीतला जीपीएस खऱ्या अर्थाने कामाचा झाला. भारताने स्वतःची ‘नाविक’ यंत्रणा उभारायला घेतली. पहिला उपग्रह २०१३ मध्ये, सातवा २०१६ मध्ये गेला. पुढे त्यातल्या काही उपग्रहांमधली परदेशी अणुघड्याळं बंद पडली. २०२३ मध्ये सोडलेल्या एनव्हीएस-०१ या उपग्रहात देशी बनावटीचं रुबिडियम घड्याळ बसवलं गेलं.

मी गुंतले ती या घड्याळात. आपण म्हणतो की जीपीएस रस्ता दाखवतो, पण मुळात ते वेळ मोजतं. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरचा उपग्रह ‘मी अमुक ठिकाणी आहे आणि माझ्या घड्याळात इतके वाजले आहेत’ एवढंच सांगत असतो. तो संदेश गाडीपर्यंत यायला सेकंदाचा सुमारे सात शतांश भाग लागतो. उशीर किती झाला यावरून अंतर कळतं. एका सेकंदाचा अब्जावा भाग चुकला तर अंतर ३० सेंटिमीटरने चुकतं. दशलक्षावा भाग चुकला तर ३०० मीटरने. उंचावर गुरुत्वाकर्षण कमी म्हणून घड्याळ पुढे धावतं, उपग्रहाच्या प्रचंड वेगामुळे थोडं मागे पडतं; एकूण हिशेबात तिथलं घड्याळ जमिनीवरच्या घड्याळापेक्षा दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे धावतं. आइन्स्टाइनच्या सिद्धांताने सांगितलेली ही दुरुस्ती केली नाही, तर एका दिवसात अंतराची चूक दहा किलोमीटरच्या वर जाईल. गाडीतलं घड्याळ मात्र साधं, स्वस्तातलं. म्हणून जागा ठरवायला तीन उपग्रह पुरत नाहीत; चौथ्याच्या मदतीने यंत्र आधी आपल्याच घड्याळाची चूक शोधतं. इतकी नम्र युक्ती मी दुसऱ्या कुठल्या यंत्रात पाहिलेली नाही.

एक गैरसमज इथेच दूर केला पाहिजे. रेंज गेली म्हणून जीपीएस जात नाही. यंत्र फक्त ऐकतं, उलट काही पाठवत नाही. रेंजअभावी अडतो तो नकाशा, कारण तो फोनवर दर वेळी इंटरनेटवरून उतरत असतो. ज्यात नकाशा साठवलेला आहे असं स्वतंत्र यंत्र माळरानावरही चालतं. फोनमध्येही निघण्यापूर्वी तो भाग उतरवून ठेवता येतो. सीमेवर फोन एका राज्याचा टॉवर सोडून दुसऱ्याचा धरू लागतो, तेव्हा ही तयारी फार उपयोगी पडते.

उमरग्यात भाड्याची गाडी चालवणारे एक गृहस्थ आहेत. स्टँडवर सगळे त्यांना मामा म्हणतात, मीही तेच म्हणते. त्यांची बरीचशी भाडी दवाखान्याची असतात. साध्या तपासणीला सोलापूर, मोठ्या आजाराला हैदराबाद, हा इथला जुना शिरस्ता आहे. उमरगा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होतं, ते नातं दवाखान्यांच्या रूपाने टिकलं आहे. गाडीच्या काचेवर एक फोन कायम लावलेला, आणि दुसरा खिशात.

“हैदराबादेत शिरलो की सगळा भरवसा ह्याच्यावर,” मामा म्हणाले. “तिथं माझं काय चालतंय, ताई? पण माकणी-सास्तूरकडं निघायचं म्हणलं की आधी फोन लावतो, मगच गाडी काढतो.”

पहिल्या वाक्यात या यंत्राचे सगळे फायदे येतात. रात्री अकराला, मागच्या सीटवर पेशंट, पाट्या तेलुगूत आणि उड्डाणपुलांचं जाळं. तिथे कोणती मार्गिका धरायची हे पन्नास मीटर आधी कळणं म्हणजे उपचार वेळेत मिळणं. पूर्वी मामा रिक्षावाल्याला पैसे देऊन त्याच्या मागून गाडी नेत. आता पोहोचायची वेळ पडद्यावर दिसते आणि नातेवाईक दारात स्ट्रेचर घेऊन उभे राहतात. एकट्या बाईला अनोळखी फाट्यावर काच खाली करून रस्ता विचारावा लागत नाही, हे तर मला सगळ्यांत मोठं वाटतं.

मामांचं शेवटचं वाक्य समजून घ्यायला जास्त वेळ लागला.

नावांचा घोळ तर आहेच. जळकोट म्हटलं तर एक याच महामार्गावर नळदुर्गजवळ आणि दुसरं लातूर जिल्ह्यात तालुक्याचं ठिकाण. मुरूम उमरगा तालुक्यात आणि मुरूड लातूरजवळ, शिवाय कोकणातलं मुरूड वेगळंच. आळंद शेजारच्या कर्नाटकात, आळंदी पुण्याजवळ. गुलबर्ग्याचं कलबुर्गी झालं, उस्मानाबादचं धाराशिव झालं. जुन्या यंत्रातल्या साठवलेल्या नकाशात जुनीच नावं असतात. नकाशा ताजा केला नाही तर धाराशिव शोधूनही सापडत नाही.

पण किल्लारीच्या पट्ट्यात नाव तेच राहिलं आणि जागा बदलली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारला काही मिनिटं कमी असताना झालेल्या भूकंपात जवळजवळ आठ हजार माणसं गेली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली ५२ गावं पूर्णपणे नव्या जागी वसवण्यात आली. सास्तूर, राजेगाव, होळी ही तेव्हा उमरगा तालुक्यातली, आता लोहाऱ्यातली गावं त्यातलीच. नव्या गावात रुंद, सरळ रस्ते आणि आखीव ओळी. जुन्या गावठाणात पडक्या भिंती आणि देऊळ. शेतं मात्र जागची हलली नाहीत. ती जुन्या गावालगतच राहिली, त्यामुळे कितीतरी कुटुंबं शेतातच वस्ती करून राहतात. म्हणजे जुनं गाव उठलं तरी तिथली जाग संपलेली नाही. एकाच नावाच्या दोन्ही जागी आज माणूस सापडू शकतो, आणि यंत्र एका नावासाठी एकच खूण धरतं.

मामांना एकदा पहाटे बाळंतिणीसाठी बोलावणं आलं. खुणेने त्यांना नव्या वसाहतीच्या चौकात नेलं. बाई होती जुन्या गावच्या शिवारातल्या वस्तीवर. वाट पाहणाऱ्या घरासाठी तो उशीर किती मोठा असतो हे सांगताना मामांचा आवाज चढला होता. उपग्रहाचं काहीच चुकलं नव्हतं. गाडी कुठे आहे हे त्याला काही मीटरच्या फरकाने ठाऊक होतं. जायचं कुठे, हे सांगणारा नकाशा अपुरा होता.

दुसरी अडचण पाणंदीची. डच गणिती डाइक्स्ट्रा यांनी १९५६ मध्ये अॅमस्टरडॅमच्या एका कॅफेत बसून वीसेक मिनिटांत सर्वांत जवळचा मार्ग शोधण्याची रीत सुचवली. आजची यंत्रं तिच्याच सुधारलेल्या रूपांवर चालतात. ही रीत अचूक आहे, पण तिला रस्त्याची लांबी आणि वेग यांपलीकडे काही दिसत नाही. पाणंद नकाशात ‘रस्ता’ म्हणून नोंदली गेली असेल तर ती डांबरी सडकेच्या बरोबरीने मोजली जाते. मार्चमध्ये तिथून ट्रॅक्टर आरामात जातो. जुलैत त्याच काळ्या मातीत मोटारीचं चाक आसापर्यंत रुततं. बेनितुरेसारख्या नदीला पूर आला की पुलावरून पाणी जातं, आणि पडद्यावरची निळी रेघ मात्र तशीच असते.

हा धोका जिवावर बेततो. जानेवारी २०२१ मध्ये अकोले तालुक्यात कळसूबाईकडे निघालेली पुण्याची गाडी रात्रीच्या अंधारात पिंपळगाव खांड धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या पुलावर शिरली. एकाचा मृत्यू झाला. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ रामगंगेवरच्या अर्धवट पुलावरून गाडी कोसळून तिघं गेले. दोन्ही वेळा मोबाइलच्या नकाशावर बोट ठेवलं गेलं. मला त्याहून जास्त राग येतो तो रस्ता बंद असताना आडवा बांबूही न लावणाऱ्या व्यवस्थेचा. यंत्र आहे म्हणून पाटी नको, असं कोणत्याही रस्ते विभागाने मानता कामा नये.

आपल्या डोक्यातल्या नकाशाचं काय होतं, हीही काळजी आहे. लंडनच्या टॅक्सीचालकांच्या मेंदूत जागेची आठवण सांभाळणाऱ्या हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग मोठा असल्याचं २००० सालच्या अभ्यासात दिसलं. २०१७ मधल्या दुसऱ्या अभ्यासात, स्वतः वाट शोधताना हाच भाग नव्या गल्लीपाशी जागा होतो आणि यंत्राच्या सूचना पाळताना तसा होत नाही, असं आढळलं. मामांचा मुलगा आता गाडी चालवतो. हैदराबादला तो वडिलांपेक्षा लवकर पोहोचतो, पण लोहाऱ्याकडचे फाटे त्याला सांगता येत नाहीत.

उपाय अगदीच नाहीत असं नाही. टपाल खात्याने मे २०२५ मध्ये ‘डिजिपिन’ आणला. देशातल्या सुमारे चार मीटर बाय चार मीटर चौकोनाला दहा अक्षर-अंकांची खूण. शेतातल्या वस्तीला घर क्रमांक नसतो, गल्ली नसते. तिला अशी खूण मिळाली तर रुग्णवाहिका नव्या चौकात अडकणार नाही. ती खूण वस्तीच्या दारावर रंगवायला, आशाताईंच्या वहीत लिहायला आणि नकाशावर ‘जुने गावठाण’ अशी वेगळी नोंद करायला एक ग्रामसभा पुरेल. पावसाळ्यात कोणती पाणंद बंद हे गावात प्रत्येकाला माहीत असतं. ते नकाशावर कळवण्याची सोयही फोनमध्ये आहे. तोवर भाडं आलं की मामा तीन प्रश्न विचारतात: जुन्या गावात का नव्या? गाडी दारापर्यंत येते का? आणि काल पाऊस झाला का?