भीमथडीचे तट्टू

सकाळी शाळेत राज्यगीत होते. मुले ते ठेक्यात म्हणतात, आणि त्यात भीमथडीच्या तट्टांचे नाव येते. राजा बढे यांचे हे गीत 2023 साली महाराष्ट्राचे राज्यगीत झाले. पण गुरुजी, एकदा वर्गात विचारून पाहा, "हे तट्टू कुणी पाहिलंय का रे?" बहुतेक हात खालीच राहतील. गंमत अशी, की आमच्या मांजरसुंब्याकडच्या पुष्कळ मुलांनी तसले घोडे पाहिलेले असते. ओळखलेले नसते, एवढेच. सुगी सरली की बालाघाटाच्या डोंगरपट्टीत धनगरांचे कळप दिसू लागतात. मेंढरांच्या मागून एखादी लहानखुरी घोडी चालते. तिच्या पाठीवर पाल, भांडीकुंडी, पीठमीठ, बांधून ठेवलेल्या कोंबड्या, आणि या सगळ्यावर कधी एखादे पोर, तर कधी आदल्या रात्री जन्मलेले कोकरू. सोलापूर-धुळे रस्त्यावर ट्रक हॉर्न वाजवत जातात. ती आपली मान खाली घालून चालत राहते. भीमथडीचे रक्त जे काही टिकले आहे, ते अशा धनगरी घोड्यांतच.

थडी म्हणजे नदीचा काठ. भीमेच्या काठचे ते भीमथडीचे. त्याला दख्खनी घोडा असेही म्हणतात. दक्षिणेच्या बंदरांवर शतकानुशतके अरबी आणि इराणी घोडे उतरत. त्यांचा इथल्या तट्टांशी संकर होऊन ही जात घडली, असे मानतात. अंगाने बेताचे, पायाने काटक, खुराने कठीण आणि खाण्याला फारसे नखरे नसलेले हे जनावर. मराठी फौज चपळ होती असे आपण इतिहासात शिकवतो, पण ती चपळाई कुणाच्या पायांत होती हे सांगायचे राहून जाते. शिलेदार स्वतःचे घोडे घेऊन चाकरीला येई, बारगिराला ते सरकारातून मिळे. दोघांनाही डोंगर चढणारे आणि थोड्या चाऱ्यावर भागवणारे घोडेच हवे असे. आपल्या भाषेतही हे घोडे अजून मोकळे फिरते आहे. पायबंद घालणे, टाच मारणे, लगाम सैल सोडणे, खोगीरभरती करणे, हे सगळे पागेतून आलेले शब्द. वापरणाऱ्यांपैकी खोगीर किती जणांनी पाहिले असेल, हा प्रश्न वेगळा!

मुलांना रानघोड्यांचे मोठे आकर्षण असते. सिनेमात आयाळ उडवीत धावणारे कळप पाहून ती विचारतात, आपल्याकडे असे घोडे आहेत का? खरे सांगावे. भारतात अस्सल रानटी घोडा नाही. आसामात दिब्रू-सैखोवाच्या नदीबेटांवर घोड्यांचे कळप हिंडतात. पण ते दुसऱ्या महायुद्धात लष्कराच्या सुटलेल्या घोड्यांचे वंशज मानले जातात, म्हणजे मोकाट झालेले, रानटी नव्हेत. कच्छच्या छोट्या रणात आहे ते रानगाढव, घुडखर. त्याची कथा मात्र मुलांना जरूर सांगण्याजोगी आहे. 1960 च्या दशकात रोगाने आणि दुष्काळाने ते संपत आले होते. मग अभयारण्य झाले, राखण झाली, आणि 2024 च्या गणनेत त्यांची संख्या 7,672 भरली. खरा रानघोडा मंगोलियातला. तिथले लोक त्याला तखी म्हणतात. 1969 नंतर तो रानात दिसेनासा झाला. प्राणिसंग्रहालयांत उरलेल्या जेमतेम डझनभर जनावरांच्या वंशातून तो वाढवला, आणि 1992 पासून पुन्हा माळावर सोडला. एवढा खटाटोप, एवढा खर्च, कारण वेळीच कुणाचे लक्ष गेले नाही.

आता आपल्या घोड्याकडे वळू. त्याला अभयारण्य उपयोगाचे नाही, कारण तो माणसाच्या दावणीचा आहे. त्याला काम असेल आणि धन्याला त्याची किंमत वाटेल, तरच तो राहील. राज्यगीत ठरले त्याच सुमारास कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने भीमथडीची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली. मारवाडी, काठेवाडी, कच्छी-सिंधी, मणिपुरी, भुतिया, स्पिती आणि झंस्कारी या सात जाती आधीच्या, ही आठवी. नोंद झाली हे उत्तमच. पण कागदावर जात टिकत नाही. 2012 च्या पशुगणनेत देशात घोडे-तट्टे मिळून सव्वासहा लाख होती. 2019 मध्ये ती साडेतीन लाखांच्याही आत आली. धनगराचे सामान आता टेम्पोत चढते, गायराने आक्रसली. यात त्याचा दोष काय?

माझ्या मते मोठा धोका दुसराच आहे. सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत पाहा, गर्दी असते ती उंच, देखण्या, कानाला कान भिडणाऱ्या मारवाडी घोड्याभोवती. साहजिकच तट्टूवाल्यालाही वाटते, आपल्या घोडीला असाच घोडा दाखवावा, शिंगराला चार पैसे जास्त येतील. गुरुजींनी हे गणित फळ्यावर मांडावे. पहिल्या पिढीत भीमथडीचे रक्त निम्मे, दुसरीत पाव, तिसरीत दोन आणे. घोडी अकरा महिने गाभण राहते आणि एका वेळी बहुधा एकच शिंगरू देते. तेव्हा हातची चांगली घोडी चार-पाच वेळा परक्या घोड्याला गेली, तर तिचा वंश त्या दावणीला बुडालाच म्हणायचा.

ज्या मुलाला घोड्याची ओढ आहे त्याला मोबाइलवरचे घोडे दाखवून भागवू नका. शिवारात मेंढरे बसायला आली की शेतमालकाला विचारून मुलांना तिथे न्या. घोड्याच्या मागून जाऊ नये. डाव्या खांद्याच्या बाजूने, बोलत बोलत जवळ जावे. दातांवरून वय कसे ओळखतात ते धनगरबाबांनाच दाखवायला सांगा. पुढचे दुधाचे दात अडीच, साडेतीन आणि साडेचार वर्षांच्या सुमारास जोडीजोडीने पडतात. पाचव्या वर्षी तोंड भरते. घोड्याला उलटी होत नाही हेही मुलांना ठाऊक असावे. वरातीत लाडाने जिलेबी चारणाऱ्या मंडळींना तर नक्कीच! नको ते पोटात गेले की पोटशूळ उठतो आणि जनावर दगावते. काटेरी लगाम वापरणे 1965 च्या नियमांनी बंद आहे, आणि त्याच नियमांत तट्टाच्या पाठीवर 70 किलोंहून अधिक ओझे लादायला मनाई आहे.

मुलांनी वहीत लिहून आणावे: घोडीचे नाव काय, रंग कोणता, तिची आई कुणाच्या कळपातली, शिंगरू कोणत्या घोड्याचे, वर्षात ती कोणत्या वाटेने किती गावे चालते. धनगरबाबा आधी हसतील, मग बसवून घेऊन आजीच्या आजीपर्यंतची घोडी सांगतील. ती वही शाळेत जपून ठेवा, आणि पुढल्या सुगीनंतर तोच कळप आला की त्याच पानाखाली पुढचे लिहा.