रक्ताचे अश्रू ढाळणारा राजा : यावर वाकाक



इंका म्हटलं की मुलांना माचू पिचू आठवतं. पण ते नवव्या राजाच्या, पाचाकुतीच्या काळातलं. त्याआधीचे इंका म्हणजे पेरूतल्या कुस्को खोऱ्यात शेजाऱ्यांशी भांडत जगणारी लहानशी सत्ता. त्यातला सातवा राजा यावर वाकाक. (आपल्याला मराठीतलं 'यावर' आठवतं, पण क्वेचुआ भाषेत यावर म्हणजे रक्त आणि वाकाक म्हणजे रडणारा.)

त्याचे वडील इंका रोका, आई मामा मिकाय. तिची सोयरीक आधी आयार्माका जमातीचा प्रमुख तोकाय कापाक याच्याशी ठरली होती. ती मोडून तिला इंका रोकाला दिली. झालं, लढाई पेटली! शेवटी तिच्या माहेरच्यांनी कच खाल्ली आणि आठेक वर्षांच्या राजपुत्राला आजोळी बोलावून शत्रूच्या हाती लागू दिलं. तोकाय कापाक त्याला मारणार, तोच मुलाच्या डोळ्यांतून रक्त वाहू लागलं. सगळे घाबरले. मग त्याला जनावरं राखायला पाठवलं. पुढे तोकाय कापाकच्याच एका बायकोने, चिंपू ओर्माने, आपल्या माहेरच्या म्हणजे आन्ताच्या लोकांकरवी त्याला सोडवलं.

ही हकिगत सार्मिएंतोने 1572 मध्ये लिहिली. गार्सिलासोच्या 1609 च्या ग्रंथात मात्र अपहरणच नाही! तिथे तीन-चार वर्षांचं पोर रक्ताचे अश्रू ढाळतं, तो अपशकुन ठरतो, आणि मोठेपणी हा भित्रा राजा चांका लोकांच्या भीतीने कुस्को सोडून जातो. शहर वाचवतो त्याचा मुलगा विराकोचा. सार्मिएंतो म्हणतो, पळाला तो विराकोचा, आणि वाचवलं पाचाकुतीने.

असं का? इंकांकडे लिपी नव्हती. किपूच्या गाठी होत्या, आणि प्रत्येक राजाचं घराणं आपापल्या पूर्वजाचा इतिहास तोंडी जपायचं. शिवाय सार्मिएंतो स्पॅनिश व्हाइसरॉयच्या हुकमाने लिहीत होता, इंका जुलमी होते हे त्याला दाखवायचं होतं. गार्सिलासोची आई इंका राजघराण्यातली.

वर्गात मी दोन्ही गोष्टी फळ्यावर शेजारी शेजारी मांडतो. कुठली खरी, हे मी सांगत नाही. सांगणाऱ्याला काय हवं होतं, एवढंच विचारतो. मागे एक मुलगी म्हणाली, "सर, पण रडला तो दोन्हीकडे."