जुन्या चांदीच्या रुपयाचे मोल कशावर ठरते?

शिरूर आणि दौंड तालुक्यांतील जुन्या घरांत लक्ष्मीपूजनासाठी जपलेल्या चांदीच्या रुपयाचे मोल केवळ वजनावर नव्हे, तर त्याची टांकसाळ, दुर्मिळता आणि स्थिती यांवर ठरते.

उत्तर पेशवाईत पुण्याच्या टांकसाळीत पाडलेल्या रुपयावर फारसी लिपीत मुघल बादशहा शाह आलम याचे नाव असे. मात्र त्यावरील अंकुशाच्या, म्हणजे हत्ती हाकण्याच्या हत्याराच्या, चिन्हामुळे तो ‘अंकुशी रुपया’ म्हणून ओळखला गेला. ठसा नाण्याहून मोठा असल्याने मजकूर अर्धवट उमटे; म्हणून अंकुश, टांकसाळीचे नाव आणि साल स्पष्ट दिसणाऱ्या नाण्याला संग्राहक अधिक किंमत देतात.

१८३५ च्या कायद्याने कंपनी सरकारच्या मुलखात ११.६६ ग्रॅम वजनाचा आणि सुमारे ९१.७ टक्के चांदीचा एकसारखा रुपया आला; १९४० पासून चांदी ५० टक्क्यांवर उतरली. पंचम जॉर्जच्या १९११ सालच्या रुपयावर, राजाच्या गळ्यातील साखळीतला हत्ती डुकरासारखा दिसतो, असा आक्षेप आल्याने बरीचशी नाणी वितळवून १९१२ मध्ये चित्र सुधारण्यात आले. त्यामुळेच संग्राहक १९११ चा रुपया आवर्जून शोधतात.

चिंच किंवा राखेने घासल्यास नाण्यावरील नैसर्गिक काळसर थर, ज्याला ‘पॅटिना’ म्हणतात, तो नष्ट होऊन किंमत घटते. माळेसाठी कडी डाकलेल्या रुपयाचेही तसेच होते. शेतात दडलेली नाणी सापडल्यास मात्र १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार, त्यांचे मूल्य दहा रुपयांहून अधिक असेल तर, जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे.