रुपया कुणाचा, बॉस?

सोमवारची सकाळ. अक्कलकोट रोड एमआयडीसीतलं आमचं टॉवेलचं ऑफिस. मी एक्स्पोर्टला नवीन, आणि मॉरिशसच्या एका हॉटेलची चौकशी थेट माझ्या मेलवर! ऐटीत रेट पाठवला : 'रु. २४०, प्रति नग'. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, 'फार महाग. धन्यवाद.' झालं! महिन्याचं टार्गेट गेलं की हो.

अकाउंट्सच्या काकांनी मेल वाचला आणि हसले. "अरे, रुपये लिहिलास, पण कुणाचे?"

तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. मॉरिशसमध्येसुद्धा रुपयाच चालतो! नोटेवर देवनागरी अक्षरंही असतात. फक्त तो आपल्यापेक्षा महाग. त्या दिवशीच्या भावाने माझा टॉवेल त्यांना जवळपास दुप्पट किमतीचा वाटला होता.

भारत, पाकिस्तान, नेपाळ, श्रीलंका, मॉरिशस, सेशेल्स : सहा देश, नाव एकच. इंडोनेशियाचा रुपिया आणि मालदीवचा रुफिया हे चुलत भाऊ. मूळ शब्द संस्कृत 'रूप्य', म्हणजे चांदी. सोळाव्या शतकात शेरशाह सूरीने साडेअकरा ग्रॅमच्या आसपास चांदीचा रुपया पाडला. पुढे व्यापार आणि इंग्रजी राजवट यांच्याबरोबर तो समुद्रापार गेला.

आज आपली पोरं दिनार-दिरहम कमवायला आखातात जातात ना? एकेकाळी तिथे आपलाच रुपया चालायचा. १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या नोटा काढल्या. कुवेतने १९६१ मध्ये दिनार आणला. जून १९६६ मध्ये रुपयाचं अवमूल्यन झालं आणि कतार, दुबईनेही त्याला रामराम ठोकला. ओमानमध्ये तो १९७० पर्यंत टिकला.

थोडक्यात काय, नाव एक असलं म्हणून किंमत एक नसते. म्हणून तर तीन अक्षरी कोड आहेत. पहिली दोन अक्षरं देशाची, तिसरं बहुधा चलनाचं. आपला आयएनआर, त्यांचा एमयूआर. २०१० पासून आपल्याकडे ₹ हे स्वतःचं चिन्हही आहे. मी आळसाने 'रु.' लिहून मोकळा झालो होतो.

काकांच्या सांगण्यावरून लगेच फोन लावला, माफी मागितली, कोडसकट नवा रेट पाठवला. ऑर्डर आली. ठरल्याच्या निम्मीच, पण आली!

तेव्हा दोस्तांनो, परदेशी मेलचं 'सेंड' दाबण्याआधी आकड्याशेजारची ती तीन अक्षरं बघाच. माझी चूक एका फोनवर निस्तरली, तुमची निस्तरेलच असं नाही.