पद्मिनीची काच मापाने शोधावी

प्रीमियर पद्मिनीच्या दारातली काच घसरून आत पडली की मालक आधी मुंबईला फोन लावतो. एके काळी ते बरोबरच होतं. गाडी कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये बनायची, शहरभर तिच्याच काळ्यापिवळ्या टॅक्स्या धावायच्या आणि भंगारात निघालेल्या टॅक्सीचं दार म्हणजे सुट्या भागांचं कोठार असायचं. उत्पादन 2000 च्या सुमारास थांबलं. टॅक्सीला 20 वर्षांची मर्यादा असल्याने 29 ऑक्टोबर 2003 ला नोंदवलेली शेवटची पद्मिनी टॅक्सीही 2023 च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून उतरली. कोठारात भर पडायची वाटच बंद झाली. तेव्हा पिशोरसारख्या कन्नड तालुक्यातल्या गावात अशी गाडी राखणाऱ्याने 'ओरिजिनल'च्या मागे मुंबई पालथी घालण्यापेक्षा हातातला भाग मोजावा आणि जवळच दुरुस्त करून घ्यावा, असं माझं ठाम मत आहे.

कारण बहुतेक वेळा बिघडतो तो भागाचा एक कोपरा, अख्खा भाग नव्हे. काच फिरवायचं हँडल घ्या. त्या काळची हँडलं बहुधा जस्ताच्या मिश्रधातूची ओतीव, वर क्रोमचा मुलामा, आणि ज्या दांड्यावर ती बसतात तो दांडा पोलादी. काच जड फिरू लागली की माणूस जोर लावतो, मग मऊ धातूच्या आतल्या बारीक खाचा झिजून सपाट होतात आणि हँडल नुसतंच गरगर फिरतं. हा धातू 385 अंशांच्या आसपास वितळतो, म्हणून वेल्डिंगवाल्याकडे नेलं तर हँडल हातचं जातं. लेथवर भोक मोठं करून आत खाचांचं पोलादी बुश घट्ट बसवलं की तेच हँडल पुन्हा कामाला येतं. पण काच जड का झाली, हे आधी पाहायला हवं. आपल्याकडे काळ्या मातीची धूळ काचेच्या चॅनलमधल्या फेल्टमध्ये मुरते, फेल्ट कडक होतं, काचेवर उभे ओरखडे उमटतात. तिथे ग्रीस भरणं म्हणजे धुळीला चिकटायला जागा करून देणं, शिवाय खनिज तेलाने रबर फुगतं. चॅनल साफ करून नवं फेल्ट घालावं आणि रबराला सिलिकॉन लावावं. दाराच्या तळाची पाणी निघायची भोकंही मोकळी करावीत, नाहीतर पत्रा आतून गंजतो.

जुना अस्सल भागच हवा, असा आग्रह धरणारे म्हणतील की यात गाडीचं अस्सलपण जातं. रबराबाबत हा आग्रह मला मुळीच पटत नाही. पाकीट न फोडलेलं असलं तरी चाळीस वर्षांचं रबर आत कडक झालेलंच असतं. 50 वर्षांवरच्या गाड्यांसाठी 2021 मध्ये आलेल्या 'व्हीए' नोंदणीच्या नियमातही मोठे फेरबदल नकोत म्हणून चासी, बॉडी आणि इंजिनाचा उल्लेख आहे, हँडलमधल्या बुशाचा नाही. खर्चाचा आक्षेप मात्र खरा आहे. एका गाडीपुरती रबराची डाय बनवणं परवडत नाही. तिथे छेद मोजून दुसऱ्या गाडीचं जुळणारं रबर मीटरने घ्यावं किंवा चार मालकांनी मिळून काम द्यावं. आपल्या जिल्ह्यातल्या वाळूज आणि चिकलठाण्यात वाहनांचे भाग घडवणारी अख्खी वसाहत आहे, चिकलठाण्याला इंडो-जर्मन टूल रूम आहे. मापं घेणारे हात जिल्ह्यातच आहेत. काचेत मात्र तडजोड नको. नियमाने ती सेफ्टी ग्लासच हवी, फोटोफ्रेमवाल्याची साधी काच चालत नाही. टफन्ड काच तयार झाल्यावर कापता येत नाही, कापायला गेलं की तिचा चुरा होतो. सपाट काच असेल तर पुठ्ठ्याचा साचा देऊन लॅमिनेटेड शीटमधून कापून घेता येते, फक्त जाडी जुन्या काचेएवढी हवी.

म्हणून पद्मिनीवाल्यांना एवढंच सांगणं आहे. काच शाबूत आहे तोवरच तिचा साचा कापून ठेवा, चॅनलचा छेद कागदावर उतरवून घ्या, आणि गंजलेलं दार भंगारात घालण्याआधी त्यातलं काच चढवायचं मशीन, हँडल आणि त्रिकोणी काच काढून घ्या.